इंग्रजी आपली कोण लागते?

तिसऱ्या मजल्यावरच्या मोतीबाईंनी अंगाला साबण लावला आणि नळाचं पाणी गेलं. माझ्या आयुष्यात जागतिक ज्ञानकोशाचा शिरकाव झाला तो असा. यात माझा काडीचाही दोष नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी तसं वाटण्याचा संभव आहे.

पाणी जाणार हे सोसायटीने कळवलं होतं. जिन्यापाशी नोटीस होती. पण ती इंग्रजीत होती आणि मोतीबाईंना इंग्रजी येत नाही. बाथरूमच्या आतून त्यांनी ज्या भाषेत निषेध नोंदवला, ती मात्र बदलापूरच्या कात्रपमधल्या आमच्या सोळाही बिऱ्हाडांना नीट समजली.

नोटीस लिहिली होती सेक्रेटरी कमळाकर भोईर यांनी. आमची इमारत उभी आहे तिथे त्यांच्या आजोबांची भातशेती होती. त्यामुळे सोसायटीच्या सभेत ते नेहमी यजमानासारखे बोलतात आणि आम्ही सगळे पाहुण्यांसारखे ऐकतो. हल्ली ते सोनिवलीकडच्या प्लॉटांचे व्यवहार करतात. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली, तेव्हा मोतीबाईंनी ओल्या केसांची आठवण करून देत विचारलं, "नोटीस मराठीत लावायला काय हात दुखतात?"

"इंग्लिशमदी लिवली का कायदेशीर वाटते," कमळाकरशेठ म्हणाले. "गव्हर्मेंटची भाषा हाय ती."

इथे मी उठलो. मी राजेंद्र गमरे, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात डिस्पॅचला हेडक्लार्क. बावीस वर्षांच्या नोकरीत मला एकही मेमो मिळालेला नाही. सोसायटीत कोणाला काही लिहून हवं असेल तर माझ्याकडे येतात. अशा माणसाने गप्प बसावं की नाही? पण मोतीबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "इंग्रजी ही आपल्या देशाची अधिकृत भाषाच नाही."

पार्किंगमध्ये शांतता पसरली. ती मला फार आवडली. खरं तर त्या शांततेनंच माझा घात केला.

"पुरावा हाय काय, गमरेसाहेब?" कमळाकरशेठनी विचारलं.

"पुढच्या रविवारी आणतो," मी म्हणालो.

आमच्या घरी संगणकाची अधिकारी व्यक्ती म्हणजे माझी पत्नी यशोधरा. ती शाळेत शिक्षिका आहे आणि तिच्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, चौऱ्याऐंशी टक्क्यांचं. ते तिनं बाहेरच्या खोलीत लावलं आहे. माझं कोणतंही प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत नाही. ही गोष्ट दोन हजार सातच्या जानेवारीतली. घरी ब्रॉडबँड येऊन महिना झाला होता, आणि त्यावर आम्ही तोपर्यंत फक्त तिच्या मावसभावाचे अमेरिकेतले फोटो पाहिले होते.

"इंटरनेटवर एक इंग्रजी ज्ञानकोश आहे," ती म्हणाली. "जगातले सगळे विषय त्यात आहेत."

तिनं भारताचं पान उघडलं. उजवीकडे एक चौकट होती. त्यात राजधानी, लोकसंख्या आणि मग अधिकृत भाषा. तिथे लिहिलं होतं, हिंदी. आणि खाली बारीक अक्षरात, इंग्रजी ही दुय्यम. मी आनंदानं यशोधराला म्हटलं, "दुय्यम! म्हणजे आमच्याकडच्या ज्युनियर क्लार्कसारखी. सहीचा अधिकार नाही." ते पान मी ऑफिसात छापून आणलं आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं.

रविवारी मी फोल्डर उघडलं. कमळाकरशेठनीही खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढला. स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून त्यांनी शनिवारी तो काढून आणला होता. तेच पान, तीच चौकट, तोच वरचा पत्ता. फक्त तिथे लिहिलं होतं, अधिकृत भाषा: हिंदी, इंग्रजी. दुय्यमबिय्यम काही नाही.

दोन्ही कागद सभेत फिरले. लोकांनी ते उजेडात धरून पाहिले. मोतीबाईंनी तर माझा कागद बोटानं चोळून पाहिला. शेवटी तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी, सौम्यपणे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "गमरे, तुमच्याकडे घरी कॉम्प्युटर आहे ना?"

बावीस वर्षांत एकही मेमो नाही, आणि माझ्यावर बनावट दस्तऐवजाचा संशय! मी घरी येऊन पान पुन्हा उघडलं. कमळाकरशेठ खरे होते. मग यशोधरानं वरच्या एका शब्दावर टिचकी मारली आणि त्या पानाचा इतिहास उघडला. गुरुवारी 'दुय्यम' होतं. शुक्रवारी ते कोणीतरी काढलं. शुक्रवारीच दुसऱ्या कोणीतरी परत घातलं. शनिवारी पुन्हा काढलं. म्हणजे आम्ही दोघंही खरे होतो. अशा परिस्थितीत माणसाला समाधान वाटायला हवं, पण दोघंही खरे असण्यात मजा नसते.

"हे लिहितं कोण?" मी विचारलं.

"कोणीही," यशोधरा म्हणाली. "तुम्हीसुद्धा."

मला वाटलं ती चेष्टा करते आहे. पण तिथे खरंच 'बदला' असं लिहिलेलं होतं. सगळ्या जगाचा ज्ञानकोश, आणि कात्रपमध्ये बनियनवर बसलेल्या माणसाला तो म्हणतो, बदला! आमच्या डिस्पॅचच्या रजिस्टरमध्ये एक आकडा बदलायला दोन सह्या लागतात. मी 'दुय्यम' हा शब्द परत घातला, बटण दाबलं आणि सगळ्या जगाला तो दिसू लागला. मी उठून पाणी प्यायलो.

पाणी पिऊन येईपर्यंत शब्द गेला होता.

मी पुन्हा घातला. पुन्हा गेला. अशा कामात मी चिकाटीचा आहे, हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं. मी चौथ्यांदा घातला तेव्हा मात्र लाल चौकटीतला निरोप आला. एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा हाच बदल केल्यामुळे तुम्हाला चोवीस तासांसाठी लिहिण्यास मनाई करण्यात येत आहे.

निलंबन! मी दुसऱ्या दिवशी किरकोळ रजा टाकली. कामावर गेलो असतो तर कोणाला कळलं नसतं, हे यशोधरा मला वारंवार सांगत होती. पण कळण्याचा प्रश्न नव्हता. निलंबित माणसानं कामावर कोणत्या तोंडानं जायचं?

त्या रजेच्या दिवशी, लिहायला बंदी पण वाचायला मोकळीक, अशा अवस्थेत मला चर्चापान सापडलं. प्रत्येक पानाच्या मागे एक चर्चेचं पान असतं आणि बदल करण्याआधी तिथे बोलायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी वाचायला बसलो तो जेवायला उठलो नाही.

काय सांगू! या एका शब्दावर दीड वर्ष चर्चा चालली होती. जुन्या चर्चेचे गठ्ठे बांधून ठेवले होते, अकरा. 'हिंदी' आणि 'इंग्रजी' यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यावा की 'आणि' लिहावं, यावर दोन आठवडे खल झाला होता. त्यात एकवीस माणसं बोलली होती. यातल्या कोणालाही याचा पगार नव्हता. कोणाचं खरं नावही नव्हतं. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या भिंतीसमोर उभं राहिलं की मला नेहमी प्रश्न पडतो, इतक्या वर कोपऱ्यात, जिथे कोणाची नजर जाणार नाही, तिथे त्या माणसानं एवढी बारीक वेलबुट्टी का कोरली असेल? तोच प्रश्न मला त्या चर्चापानापुढे पडला. आणि मी तिथे कोणालाही न विचारता चार वेळा छिन्नी मारून आलो होतो.

मुख्य भांडण दोघांमध्ये होतं. एकाचं टोपणनाव 'दोआब'. तो कानपूरकडचा असावा. त्याचं म्हणणं, संघाची राजभाषा हिंदी, इंग्रजीला फक्त मुदतवाढ. दुसरं नाव 'कावेरी-एकाहत्तर'. त्यांचं म्हणणं, कायद्यानं इंग्रजी आजही चालते, तिला दुय्यम म्हणणारे तुम्ही कोण? आणि या दोघांच्या मध्ये, पंखाखाली पिल्लं घ्यावीत तसा, न्यूझीलंडमधला एक टिम नावाचा माणूस उभा होता.

निलंबन संपल्यावर मी तिथे पहिलं पत्र टाकलं. अर्थातच रीतसर. 'रिस्पेक्टेड सर, विथ रेफरन्स टू युवर रिमूव्हल ऑफ माय वर्ड' अशी सुरुवात करून 'काइंडली ॲक्नॉलेज' असा शेवट. डिस्पॅचचं प्रत्येक पत्र मोठ्या, म्हणजे कॅपिटल अक्षरांत जातं, म्हणून हेही तसंच टाकलं.

दहा मिनिटांत कावेरीचं उत्तर आलं. पहिली गोष्ट, मी सर नाही. दुसरी, मोठ्या अक्षरांत लिहिणं म्हणजे इथे ओरडणं समजतात. तिसरी, तुमच्या म्हणण्याला आधार काय?

मी एका परक्या बाईवर जाहीर ओरडलो होतो. मी लगेच छोट्या अक्षरांत माफी मागितली. त्यावर टिमनं लिहिलं, काळजी करू नका, सुरुवातीला सगळे ओरडतात. आणि सहज जाता जाता पुढे लिहिलं, की माझ्या देशात तर इंग्रजीला कायद्यानं अधिकृत दर्जाच नाही. माओरीला आहे, आणि गेल्या वर्षीपासून मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेला आहे. इंग्रजी नुसतीच वापरात आहे.

हे मी यशोधराला तीनदा वाचून दाखवलं. जिथे सगळे इंग्रजी बोलतात तिथे ती अधिकृत नाही, आणि हातवाऱ्यांची भाषा मात्र अधिकृत! मला कमळाकरशेठना हे सांगितल्याशिवाय राहवेना. ते जिन्यात भेटले.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, तुमी उगाच डोकं पिकवताव. माज्या धंद्यात बघा. इंग्लिश म्हंजे भाडोत्री. घटना झाली तवा पंधरा वरसांचं ॲग्रीमेंट केलं. पासष्टला मुदत संपली. भाडोत्री गेला काय? नाय गेला. आता इतकी वरसं ऱ्हातोय म्हंजे त्याचा हक्क लागला. त्याला घरमालक बोला नायतर पावना बोला, खोली काय खाली व्हनार नाय."

दीड वर्षाच्या चर्चेत इतकं स्वच्छ कोणी मांडलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत करून चर्चापानावर घातलं. दोआबला फार आवडलं. कावेरीबाईंनी लिहिलं, छान आहे, पण हे कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर आहे?

त्या लोकांची ही एकच मागणी असे. पान दाखवा. तुम्ही कोण, किती शिकलात, कुठे राहता, काही नाही. पान दाखवा. त्यांना हवा होता इंग्रजीला मुदतवाढ देणारा १९६३ चा राजभाषा कायदा, छापलेला, पानाच्या क्रमांकासह. इंटरनेटवर जी प्रत होती तिच्यावर दोआबचा विश्वास नव्हता. सगळे आपापल्या गावी शोधत होते. मीही लिहून बसलो, की मी आणतो.

मी आधी एका सरकारी कचेरीत गेलो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण तिथे माझी अजून दोन कामं अडकलेली आहेत. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कायदा कशासाठी पाहिजे? जमिनीचा आहे का?"

"भाषेचा आहे."

"मग अर्ज करा."

"कोणत्या भाषेत करू?" मी विचारलं. मी खरोखर माहितीसाठी विचारलं होतं. पण रांगेतले लोक हसले आणि बाईंना वाटलं मी खोचकपणा करतोय. त्यांनी खिडकी लावून घेतली. मागच्या माणसानं मला जे सुनावलं ते बदलापूरच्या अधिकृत भाषेत होतं.

मग कोणीतरी उल्हासनगरच्या वकील लालचंदानींचं नाव सांगितलं. कॅम्प नंबर तीनमध्ये कापडाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. सत्तरीचे गृहस्थ, आणि भिंती छतापर्यंत पुस्तकांनी भरलेल्या.

"आवो साईं, बैठो," ते म्हणाले. "केस किसके खिलाफ आहे?"

"केस नाही साहेब. एक शब्द आहे."

मी सगळं सांगितलं. मोतीबाईंपासून न्यूझीलंडपर्यंत. ते मला वेड्यात काढतील अशी माझी तयारी होती. त्यांनी मात्र चष्मा पुसला, शिडी लावली आणि या वयात स्वतः वर चढले. खाली आले ते एक पातळ, पिवळं पुस्तक घेऊन.

"मैं आठवीं शेड्यूल का आदमी हूँ," धूळ झटकत ते म्हणाले. "घटनेत भाषांची यादी होती, त्यात सिंधी नव्हती. सदुसष्टला आली. उस दिन हमारे पिताजी ने पूरे बाजार में मिठाई बाँटी. लोग पूछे, लालचंदानी, लड़का हुआ क्या? बोले, नहीं, भाषा हुई. आमच्या भाषेला प्रांत नाही, साईं. एक यादी में एक शब्द है, बस. तर एका शब्दासाठी तुम्ही बदलापूरहून आलात याचं मला नवल नाही वाटत."

मी पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. कलम तीन. मुदत संपली तरी, हिंदीच्या जोडीला, इंग्रजी वापरणं चालू राहू शकेल. पान चार. मी पानाचा क्रमांक तळहातावर लिहिला, कागद हरवतात म्हणून.

तुम्हाला वाटेल भांडण संपलं. मी पानाचा क्रमांक टाकला, सगळ्यांनी माझे आभार मानले आणि भांडण नव्या जोमानं सुरू झालं! आता 'जोडीला' या शब्दाचा अर्थ काय, यावर. जोडीला म्हणजे बरोबरीनं की मदतीला? दोआबनं दोन शब्दकोश काढले, कावेरीबाईंनी तीन. मी ऑफिसच्या प्रिंटरवर सगळी चर्चा छापून काढली, चौसष्ट पानं झाली, आणि हताश होऊन घरी टेबलावर आपटली.

ती पानं बाबांनी उचलली.

बाबा म्हणजे माझे वडील, किसन गमरे. वय अठ्ठ्याहत्तर. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते, आता आमच्याकडेच गॅलरीतल्या खुर्चीत बसून वाचत असतात. शिक्षण सातवी. इतके दिवस घरात एवढा गोंधळ चालला होता, पण त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते. मी वकिलाकडे गेलो, कचेरीत गेलो, न्यूझीलंडला विचारलं. गॅलरीत गेलो नाही.

पाच दिवस बाबांनी ती पानं वाचली. हातात पेन्सिल आणि मांडीवर त्यांची घटनेची इंग्रजी प्रत. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली.

"राजू, ही बाई कोण? कावेरी?"

"माहीत नाही बाबा. तिथे कोणी कोणाला ओळखत नाही."

"हुशार आहे. आणि हा दोआब पण प्रामाणिक आहे. ही दोघं भांडत नाहीत रे. कलम एकच आहे, तीनशे त्रेचाळीस. तो पहिलं पोटकलम धरून बसलाय आणि ती तिसरं. मधे बसून सगळं कोणी वाचतच नाही."

त्यांच्या प्रतीत त्या कलमाच्या समासात पेन्सिलीनं बारीक मराठी लिहिलेलं होतं. प्रत्येक अवघड शब्दाचा अर्थ. मी पानं उलटली. सगळ्या पुस्तकात तसंच होतं, पहिल्या पानापासून शेवटच्या परिशिष्टापर्यंत. ते पुस्तक मी लहानपणापासून कपाटात पाहत होतो. बाबा त्याला हार घालतात हे मला माहीत होतं. त्यांनी ते शब्द न् शब्द वाचलंय, हे माहीत नव्हतं.

"हे कधी केलंत?"

"एकसष्ट सालापासून. कंपनीत मला एक कागद दिला, इंग्रजीत. मला वाटलं रजा मंजूर झाली. मी खुशीत सही केली. ते चार्जशीट होतं. ड्यूटीवर झोपलो म्हणून. मी कबूल केल्याची सही." ते थोडं हसले. "तेव्हा ठरवलं, इंग्रजी शिकायची. सही करायला नाही, सही करायच्या आधी वाचायला. मग म्हटलं, इंग्रजीत आपल्यासाठी लिहिलेला सगळ्यात मोठा कागद कोणता? तोच घेतला वाचायला. रोज एक कलम."

यशोधरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातलं लाटणं तसंच होतं.

"मग बाबा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "इंग्रजी आपली कोण लागते?"

"नातं कशाला लावता?" बाबा म्हणाले. "दुय्यम, सहयोगी, जोडभाषा, यातला एक तरी शब्द घटनेत आहे का? मी सगळी वाचलीय, नाही. त्या कायद्यात पण नाही. ज्यांनी लिहिलं त्यांना शब्द सुचत नव्हते असं वाटतं तुम्हाला? त्यांनी नाव ठेवलंच नाही. ती काय काम करते तेवढंच लिहिलं. तुम्ही पण तेवढंच लिहा."

मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. बाबांनी इंग्रजी वाक्य स्वतः सांगितलं, एकेक शब्द तोलून. हिंदी ही संघाची राजभाषा आहे, शासकीय कामासाठी इंग्रजीचा वापर हिंदीच्या जोडीला चालू आहे, आणि खाली तळटीप, कलम अमुक, कायदा अमुक, पान चार. 'आहे'च्या जागी मी 'असावा' घालू का विचारलं, तर म्हणाले, "तू डिस्पॅचमध्येच बरा आहेस."

ते वाक्य मी चर्चापानावर ठेवलं आणि खाली लिहिलं, हे माझ्या वडिलांनी सुचवलं आहे, ते निवृत्त फिटर आहेत. मला भीती होती, की शेवटच्या तीन शब्दांमुळे कोणीतरी काहीतरी बोलेल. तसं झालं असतं तर ज्ञानकोशाशी माझा संबंध त्या दिवशी संपला असता.

एक दिवस कोणीच काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कावेरीबाईंनी लिहिलं, वाक्य अचूक आहे. माझा आक्षेप नाही. फिटर लोकांना माप कळतं.

दोआब चार दिवस गप्प होता. आमच्या घरात चारही दिवस दुसरा विषय नव्हता. पाचव्या दिवशी त्याचं उत्तर आलं. नातं न लावण्याची कल्पना मला सुचायला हवी होती, मी दीड वर्ष नाव शोधत बसलो. मान्य. आपल्या पिताजींना माझा नमस्कार सांगा.

मग टिमनं ते वाक्य पानावर चढवलं. तिकडे तेव्हा दुपार होती, इकडे सकाळ. आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो होतो. यशोधरानं पान ताजं केलं आणि ते दिसलं. जगात कुठेही, कोणीही भारताचं पान उघडलं की खाली ती तळटीप. बाबांनी चष्मा वर करून, पडद्याला नाक लागेल इतक्या जवळून ती वाचली. मग एकदा पडद्यावरून बोट फिरवलं. आपण एरवी नको म्हणतो, काचेवर डाग पडतात. त्या दिवशी मात्र यशोधरानं तो डाग पुसला नाही.

सोसायटीचं विचाराल, तर रविवारी मी नवा कागद घेऊन सभेला गेलो. पण माझी कोणाला गरजच उरली नव्हती. नोटीस लावायचं कामच मोतीबाईंनी काढून घेतलं होतं. आता टाकी धुवायची असली की त्या आदल्या दिवशी जिन्यात उभ्या राहून तळमजल्यापासून गच्चीपर्यंत ऐकू जाईल असं सांगतात. कोणाची अंघोळ अडलेली नाही. कमळाकरशेठनी माझा कागद मात्र मन लावून वाचला आणि म्हणाले, "बाबांना सांगा, आमच्या ॲग्रीमेंटचे मसुदे जरा बघून द्या. आमचे वकील फालतू शब्द लई घालतात."

त्यानंतर बाबा गॅलरीतून संगणकापाशी सरकले. यशोधरानं त्यांना बटणं शिकवली. एका बोटानं लिहितात, पण चूक करत नाहीत. टिमचं ते न्यूझीलंडचं प्रकरण त्यांच्या डोक्यात बसलं होतं. एकेका देशाची घटना काढून ते वाचू लागले. कुठे इंग्रजी अधिकृत, कुठे नुसती वापरात, कुठे तीन भाषांच्या पंगतीत बसलेली. जेवताना आम्हाला सांगत. ज्या बेटांची नावं मी ऐकलीही नव्हती, तिथल्या लोकांनी आपल्या भाषेसाठी काय लिहून ठेवलंय, ते बाबा मला वरण वाढून घेता घेता ऐकवत असत, आणि माझा घास हातात राही.

एप्रिलमधल्या एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं, कोणाला न विचारता, अशाच एका बेटाच्या पानावर एक वाक्य घातलं. आपलं पहिलं वाक्य. मी कामावर निघालो होतो, बूट घालत होतो. थोड्या वेळानं बघतो तर बाबा पडद्याकडे टक लावून बसलेले. मी जवळ गेलो. वाक्य गेलं होतं. कोणीतरी काढून टाकलं होतं आणि कारण लिहिलं होतं, पान दाखवा.

मला माझे ते चार बदल आठवले, ती रजा आठवली. या वयात, पहिल्याच प्रयत्नाला असं! मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, "जाऊ द्या बाबा, तिथे असंच असतं. मनाला लावून घेऊ नका."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. चेहरा असा उजळलेला, की मी हात काढून घेतला.

"सहा मिनिटं लागली त्याला," ते म्हणाले. "म्हणजे पूर्ण वाचलंय रे त्यानं. नुसतं चाळलं असतं तर एका मिनिटात काढलं असतं."